उपवासकाळातील आठवडा आणि आपली ज्ञाती

ज्ञातीच्या इतिहासाचा विषय निघाला की आपली दृष्टी प्रथम वसईच्या किल्ल्याकडे वळते. तह, वेढे, शिलालेख आणि पडक्या भिंती ह्यांचा तो इतिहास महत्त्वाचा आहे, ह्यात संशय नाही. परंतु ज्या माणसांनी रहाटाच्या पाण्यावर पानवेली आणि केळी वाढविल्या, मुंबईच्या बाजारासाठी पहाटे टोपल्या भरल्या आणि संध्याकाळी घरातील क्रूसापुढे गुडघे टेकले, त्यांचा इतिहास दफ्तरांत फारसा सापडत नाही. तो आठवड्याच्या वारांत सापडतो. विशेषतः राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत जो उपवासकाळ आपल्या धर्मग्रामांत पाळला जातो, त्याच्या आठवड्याची घडण पाहिली म्हणजे आपण कोण व कसे टिकलो, हे पुष्कळसे उमगते. ज्ञातिबंधुभगिनींपुढे आज तोच विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभी आपल्या नावाचा विचार करू. आपणांस सामवेदी ख्रिस्ती म्हणतात, तसेच कुपारीही म्हणतात. 'कुपारी' हा शब्द 'कोम्पाद्रे' ह्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बाळाचा बाप्तिस्मा होताना जो गृहस्थ धर्मपिता म्हणून उभा राहतो, त्याचे आणि बाळाच्या जन्मदात्याचे परस्परांशी जे नाते जुळते, ते कोम्पाद्रे ह्या शब्दाने दाखविले जाते. म्हणजे ही व्युत्पत्ती मानली, तर आपल्या ज्ञातीचे प्रचलित नाव ना धंद्यावरून पडले, ना गावावरून. ते बाप्तिस्म्याच्या पाण्याशी जुळलेल्या नात्यावरून पडले. दुसऱ्याच्या लेकराची जबाबदारी शिरावर घेणारा तो कुपारी, असा त्याचा भावार्थ होतो.

आता उपवासकाळ मुळात कशासाठी होता, हे पाहावे. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या ह्या काळाचा उल्लेख येतो. प्राचीन ख्रिस्तसभेत नवश्रद्धावंतांना पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा देत असत, आणि त्याची अखेरची तयारी ह्या दिवसांत होत असे. त्यांच्या सोबतीने सारी मंडळी उपवास करी. उपवासकाळ म्हणजे केवळ मांसवर्ज्य दिवसांची रांग, ही समजूत म्हणून अपुरी आहे. तो मूलतः बाप्तिस्म्याकडे जाणारा मार्ग आहे. ज्या ज्ञातीचे नावच बाप्तिस्म्याच्या नात्यावरून पडले, तिचा ह्या काळाशी असलेला संबंध किती निकटचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

काळाची गणना

राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारापर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. त्यांतील सहा रविवार वजा केले म्हणजे चाळीस उरतात, कारण रविवार हा प्रभूच्या विजयाचा दिवस असून त्या दिवशी उपवास नसतो. पुनरुत्थानाचा सण २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी येतो. तो २२ मार्चच्या आधी वा २५ एप्रिलच्या नंतर कधी येत नाही. त्यामुळे आपला उपवासकाळ शेजाऱ्यांच्या माघ, फाल्गुन व चैत्र ह्या महिन्यांत पडतो. एकीकडे शिमग्याच्या होळ्या पेटतात, तर दुसरीकडे आपल्या घरांत क्रूसाची वाट चाललेली असते. पवित्र सप्ताहातील चंद्र आणि चैत्री पौर्णिमेचा चंद्र बहुधा एकच असतो. आपलीच बोली बोलणारे सामवेदी ब्राह्मण बंधू आणि आपण एकाच मातीत वाढलो. आकाशातील एकच चंद्र दोघांचेही सण ठरवितो, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

वारांची घडण

नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी, रमेदी, पापडी, माणिकपूर ह्यांपैकी कोणत्याही धर्मग्रामात जा. आठवड्याची घडण थोड्याफार फरकाने सारखीच आढळते.

काळाचा आरंभ बुधवारी होतो. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि तीच राख कपाळी लागते. मनुष्यदेह मातीचा असून मातीतच मिळणार, ह्याची ती आठवण होय. जी झावळी उत्साहाने उंच धरली, तीच वर्षाने भस्म होऊन कपाळी येते, ह्याहून मोठे प्रवचन कोणते असावे? त्या दिवसापासून वेदीवर जांभळी वस्त्रे येतात आणि आनंदाचे आलेलुया थांबते. विवाहसमारंभही ह्या काळात टाळण्याची रीत आहे. १९१७ च्या धर्मविधानात ह्या काळात विवाहाच्या गंभीर आशीर्वादास मनाई होती. त्यामुळे लग्नसराई एकतर बुधवारापूर्वी उरकावी, नाहीतर सणानंतर सुरू व्हावी, असा क्रम रूढ झाला.

रविवार हा श्रवणाचा दिवस. पहिल्या रविवारी प्रभूने रानात चाळीस दिवस सोसलेल्या मोहाचे वाचन होते, दुसऱ्या रविवारी डोंगरावरील रूपांतराचे. १९७० च्या दशकापासून चालत आलेल्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात पहिल्या वर्षी पुढील तीन रविवार विहिरीवरची शमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि कबरीतून उठलेला लाजरस ह्यांच्या कथांना दिलेले आहेत. पाणी, प्रकाश आणि जीवन ही बाप्तिस्म्याचीच तीन चिन्हे होत. विहिरीच्या काठी ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्या वाडवडिलांना शमरोनी बाईची घागर समजावून सांगावी लागली नसेल.

सोमवार ते गुरुवार हे कामाचे दिवस. ज्यांना शक्य असे ते पहाटेच्या मिस्साला जात आणि मग वाडीत उतरत. संध्याकाळी घरोघर रोझरी होई. वडील मंडळी आरंभ करीत, लेकरे उत्तर देत. प्रार्थना पाठ नसलेल्या मुलाला ती पाठ होण्याचे हेच विद्यालय होते.

शुक्रवार हा उपवासकाळाचा कणा. त्या दिवशी मांस वर्ज्य. मासळीची मात्र मनाई नसल्यामुळे कोळीवाड्याची ताजी अथवा सुकी मासळी आणि वाडीतील भाजी ह्यांवर जेवण होई. संध्याकाळी क्रूसाची वाट. तिची चौदा स्थाने पोप बारावे क्लेमेंट ह्यांनी १७३१ मध्ये निश्चित केली. शनिवारी पापनिवेदनासाठी रांगा लागत, म्हणजे रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास मन मोकळे असे.

शुक्रवारच्या ह्या भक्तीविषयी एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १९५३ पूर्वी ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी घ्यावयाचे नसे. संध्याकाळच्या मिस्साची मोकळीकही त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी मिळाली. त्याआधी मिस्सा सामान्यतः सकाळी होई, ती लॅटिन भाषेत होई आणि तिला धर्मगुरू लागतच. क्रूसाच्या वाटेचे तसे नव्हते. ती संध्याकाळी, शेतीचे काम आटोपल्यावर करता येई. मातृभाषेत करता येई. आणि प्रसंगी धर्मगुरूवाचूनही करता येई. म्हणजे आपल्या उपवासकाळाला दोन हात होते. एक हात लॅटिन वेदीचा, दुसरा लोकांच्या जिभेवरच्या प्रार्थनेचा. पहिला हात कधी कधी दुर्बळ झाला, तेव्हा दुसऱ्याने घर सावरले, अशी आमची धारणा आहे.

वेढ्यातील उपवासकाळ

ही धारणा १७३९ ह्या वर्षाकडे पाहिले म्हणजे बळकट होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली. त्यानंतरच्या दोन शतकांत येथे ख्रिस्ती धर्म रुजला. त्यामागे मिशनऱ्यांचा प्रचार व सेवा होती, तसाच राजसत्तेचा दाब आणि सवलतींचा लोभही होता. हे सत्य झाकण्यात ज्ञातीचा गौरव नाही. पुढे चिमाजी अप्पांच्या फौजांनी किल्ल्यास वेढा घातला तो १७३९ च्या फेब्रुवारीत. त्या वर्षीची गणना केली तर राखेचा बुधवार ११ फेब्रुवारीस आणि पुनरुत्थानाचा रविवार २९ मार्चला येतो. म्हणजे तो संपूर्ण उपवासकाळ जवळजवळ वेढ्यातच गेला. मे महिन्यात किल्ला शरण आला आणि पोर्तुगीज निघून गेले. वसईकडील घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळील मेणवली आणि भीमाशंकर येथे अशा पोर्तुगीज घंटा आजही दाखविल्या जातात.

पोर्तुगीजांबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. राजाश्रय संपला. ज्या राजसत्तेच्या छायेत हा धर्म आला, ती छायाच गेल्यावर तो लयास जाईल, असे कोणासही वाटले असते. तसे झाले नाही. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक शरणागतीच्या कलमांत मान्य झाली होती, आणि मराठ्यांनी ती सामान्यतः पाळली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून प्रवास करीत असता ठाण्यास हजारो ख्रिस्ती लोकांचा उत्सव निर्वेधपणे चाललेला त्याने पाहिला. सत्ताधाऱ्यांची सहिष्णुता हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, एतद्देशीय धर्मगुरूंची संख्या थोडी असूनही घराघरांतील आठवडा मोडला नाही. घंटा गेली, तरी शुक्रवार गेला नाही.

पुढेही अधिकारक्षेत्रे बदलत राहिली. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत झाला व वसईची चर्चे त्यात आली. १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन आपण मुंबईच्या महाधर्मप्रांतात गेलो. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. वरचे छत्र असे वारंवार बदलले. खालची घडी मात्र कायम राहिली.

प्रार्थनेची भाषा

ही घडी कायम राहण्यास भाषेचे साहाय्य मोठे झाले. गोव्याच्या साष्टीत राहिलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांनी ते पुण्याहून देवनागरीत प्रसिद्ध केले. आपल्या उत्तर कोकणाच्या दृष्टीने अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश ह्यांचे १६५९ चे पुराण. प्रभूच्या जीवनाची व दुःखसहनाची कथा त्यात मराठी पद्यात सांगितली आहे. १८४५ मध्ये ते मुंबईत पुन्हा छापावे लागले, ह्यावरूनच जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही त्याला वाचणारे व ऐकणारे होते, हे सिद्ध होते. वेदीवर लॅटिन चालू असताना दुःखसहनाची कथा लोकांच्या भाषेत अशी वाहत राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि मातृभाषेला वेदीवर स्थान मिळाले. त्याची अंमलबजावणी जगभर ज्या दिवसापासून सुरू व्हावयाची होती, तो दिवस ७ मार्च १९६५, म्हणजे उपवासकाळाचा पहिला रविवार होता. वाडवडिलांनी शुक्रवारच्या संध्याकाळी सांभाळलेली भाषा आता रविवारच्या वेदीपर्यंत पोहोचली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या 'सुवार्ता' मासिकाने आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ह्या मराठीला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. 'सुबोध बायबल' ह्या त्यांच्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांस लाभले. २०२४ मध्ये ते प्रभूघरी गेले. घरातल्या रोझरीची भाषा साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर गेली, हा सर्व वसईकरांचा सन्मान होय.

बदलते नियम

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की, पूर्वीचा उपवास आता राहिला नाही. ह्या म्हणण्यात तथ्य आहे; पण इतिहासाची साक्ष अशी की, नियम नेहमीच बदलत आले. १९१८ पासून अमलात आलेल्या विधानाप्रमाणे रविवार सोडून सर्व दिवशी एकवेळ पूर्ण भोजनाचा नियम होता, आणि राखेच्या बुधवारी व ह्या काळातील शुक्रवारी-शनिवारी मांसही वर्ज्य होते. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी नियम सौम्य केले. सध्या उपवास सक्तीचा आहे तो राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी, अठरा वर्षांपासून एकोणसाठ वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सशक्त माणसांस. बंधन कमी झाले, ते स्वेच्छेचे तप व दानधर्म वाढावा म्हणून. ताटातील वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात गेला नाही, तर तो उपवास नव्हे, ती केवळ काटकसर.

पवित्र सप्ताहाचेही तसेच. १९५६ पूर्वी पुनरुत्थानाचा जागरविधी शनिवारी सकाळीच उरकत असे आणि थांबलेल्या घंटा भर उन्हात वाजत. १९५५ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस ह्यांनी क्रम बदलला. गुरुवारची मिस्सा संध्याकाळी, शुक्रवारचा विधी दुपारी आणि जागरविधी रात्री आला. त्या रात्री मेणबत्त्या हाती घेऊन साऱ्या मंडळीने आपल्या बाप्तिस्म्याची वचने नव्याने उच्चारावी, ही रीतही त्याच दशकातील सुधारणेने आली. जे वचन आपल्या वतीने कधी काळी धर्मपित्याने दिले, ते त्या रात्री आपण स्वतःच्या मुखाने देतो.

ज्ञाती आणि धर्मग्राम

येथे एका नाजूक प्रश्नास स्पर्श करणे आम्हांस आवश्यक वाटते. बाप्तिस्मा झाला, तरी जातीची जाणीव गेली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी आदी समाज एकाच वेदीपुढे जमले, पण सोयरीक आपापल्या कुंपणातच राहिली. आपली संस्थाही ज्ञातीचीच आहे, हे विसरून चालणार नाही. बोली, पेहराव, गाणी, शेतीचे ज्ञान ह्यांचे जतन करणे हे ज्ञातिसंस्थेचे उचित कार्य होय. परंतु राखेच्या बुधवारची रांग पाहावी. तेथे कोणाची राख वेगळी नसते. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी ते केवळ पुरुष असत, जानेवारी २०१६ च्या आदेशाने त्यांत स्त्रियांनाही स्थान मिळाले. ज्या वेदीपुढे गुरू शिष्याचे पाय धुतो, तेथे कुलाभिमानाने मान ताठ ठेवणे शोभत नाही. दुसऱ्याचे लेकरू आपले मानणारा तो कुपारी. हा अर्थ खरा धरला, तर ज्ञाती म्हणजे कुंपण नव्हे, ती जबाबदारी ठरते.

आजची कसोटी

सांप्रत ही जबाबदारी कठीण झाली आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. रहाट गेले, पंप आले, आणि कित्येक विहिरीच बुजल्या. कामाधामासाठी मंडळी पहाटेची लोकल पकडतात व रात्री परततात. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि आजीची रोझरी नातवाला परकी वाटू लागते. २०२० चा उपवासकाळ तर २६ फेब्रुवारीस नेहमीप्रमाणे सुरू झाला, पण मार्चअखेर चर्चची दारे बंद झाली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण घरांतच झाला. त्या काळात ज्या घरांत प्रार्थनेची सवय होती, त्यांना बंद दार फारसे जाणवले नसावे. १७३९ चा धडा २०२० ने पुन्हा दिला: घरातला शुक्रवार जिवंत असेल तर धर्मग्राम जिवंत राहतो.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची तीन विनवण्या आहेत. पहिली, उपवासकाळातील निदान एक शुक्रवार तरी प्रत्येक कुटुंबाने क्रूसाची वाट मराठीत, मुलांकडून वाचवून घेऊन करावी. दुसरी, घरातील वृद्धांना पाठ असलेल्या प्रार्थना व गीते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून संस्थेकडे द्यावीत; पुस्तकात न आलेला आपला इतिहास त्यांत आहे. तिसरी, ज्यांनी ज्यांनी धर्मपिता वा धर्ममाता म्हणून एखाद्या बाळासाठी वचन दिले आहे, त्यांनी ह्या काळात त्या मुलाच्या घरी एकदा जावे. बारशाला भेट देऊन ते नाते संपत नाही. तेथून ते सुरू होते.

किल्ल्याच्या भिंती जतन करण्यास पुरातत्त्व खाते आहे. आठवडा जतन करण्यास आपल्यावाचून कोणी नाही. परमेश्वर सर्व ज्ञातिकुटुंबांस हा काळ अंतःकरणपूर्वक पाळण्याची सद्बुद्धी देवो आणि पुनरुत्थानाच्या रात्रीची मेणबत्ती प्रत्येक घरी तेवत राहो, हीच प्रभुचरणी आमची प्रार्थना.